निसर्ग, तौक्ते, बिपरजॉय : हवामान बदलाच्या खात्यावर नेमकं किती मांडायचं?

समदाब

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. वर्ष व्हायच्या आत, १७ मे २०२१ ला, तौक्ते मुंबईच्या बाजूने वर सरकत रात्री दीव-उन्याजवळ धडकलं. जून २०२३ मध्ये बिपरजॉय नऊ-दहा दिवस अरबी समुद्रात रेंगाळून कच्छमधल्या जखाऊ बंदराजवळ आलं. त्याआधी २०१९ मध्ये एकाच वर्षात वायू, हिका, क्यार, महा आणि पवन अशी पाच चक्रीवादळं या समुद्रात झाली, आणि त्यातली क्यार आणि महा तर काही दिवस एकाच वेळी समुद्रावर होती.

माझं म्हणणं सरळ आहे. हा योगायोग नाही. गेल्या चार दशकांत अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान १.२ ते १.४ अंशांनी वाढलं आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १९८२ ते २०१९ या काळाची मोजदाद मांडली. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, अतितीव्र प्रकारच्या वादळांची १५० टक्क्यांनी, आणि वादळांचं समुद्रावरचं आयुष्य ८० टक्क्यांनी. त्याच काळात बंगालच्या उपसागरात संख्या किंचित घटली.

एवढं हातात असताना "पूर्वीही वादळं व्हायचीच" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. ज्यांना हवामान बदलाचा हात दिसत नाही त्यांनी आपली बाजू आकड्यांनिशी मांडावी.

फरकपट्टी

समदाब, तापमानवाढ माणसाने केली आहे याबद्दल माझा वाद नाही. वाद त्यापुढच्या उडीबद्दल आहे.

५२ टक्के कशाचे, ते आधी पाहू. अरबी समुद्रात वर्षाकाठी सरासरी एखादंच चक्रीवादळ होतं. बंगालच्या उपसागरात चार झाली तर इकडे एक, असं जुनं प्रमाण. समजा ३८ वर्षांत ४० वादळं झाली, पहिल्या निम्म्यात १६ आणि दुसऱ्या निम्म्यात २४. झाली की ५० टक्के वाढ! आता एक नाणं ४० वेळा उडवा. २४-१६ किंवा त्याहून तिरका निकाल साधारण चारातून एकदा नुसत्या नशिबाने लागतो. हे आकडे समजुतीपुरते घेतले आहेत, पण मुद्दा खरा आहे : मूळ संख्या लहान असली की टक्केवारी फार उड्या मारते. अतितीव्र वादळं तर त्याहून कमी, म्हणून तिथे १५० टक्के दिसतात.

दुसरं, मोजणी बदलली आहे. आपल्याकडे वादळात विमान घालून वारा मोजत नाहीत. उपग्रहाच्या चित्रात ढगांच्या पट्ट्या किती वळल्या आहेत, डोळा, म्हणजे मधलं ढग नसलेलं शांत केंद्र, दिसतो का, त्याभोवतीचे ढग किती थंड आहेत, यावरून ड्वोराक पद्धतीने वाऱ्याचा अंदाज बांधतात. इन्सॅट-१बी १९८३ मध्ये वर गेला, आणि मेटिओसॅट-५ हा उपग्रह ६३ अंश पूर्वेवर, म्हणजे बरोबर आपल्या समुद्राच्या डोक्यावर, १९९८ मध्ये आणला गेला. त्याआधी कडेने, तिरक्या कोनातून पाहिलेल्या धूसर चित्रात छोटा डोळा निसटायचा. डोळा दिसला नाही की वादळाला एक पायरी खालचा दर्जा मिळायचा. १९८० च्या दशकातली वादळं जर अशी कमी लेखली गेली असतील, तर नंतरची वाढ काही अंशी चष्म्याचा नंबर बदलल्याची आहे.

तिसरं, २०१९. त्या वर्षी हिंद महासागरातला द्विध्रुव जबरदस्त धन होता. पश्चिमेकडचं पाणी गरम, पूर्वेकडचं थंड. अशा वर्षी अरबी समुद्रात वादळं जास्त होणं अपेक्षितच असतं. आणि पाच वादळांचं वर्ष पहिल्यांदा आलेलं नाही, १९०२ मध्येही पाचच नोंदली गेली आहेत. तेव्हा मोटारी आणि औष्णिक वीजकेंद्रं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती.

तीसअंश

फरकपट्टी, नाण्याचा हिशोब बरोबर आहे, पण नाण्याला भौतिकशास्त्र नसतं. वादळाला असतं.

अरबी समुद्र पूर्वी शांत का होता, इथून सुरुवात करू. वादळ तयार व्हायला साधारण २६.५ अंशांचं पाणी लागतं, आणि तेही नुसत्या पृष्ठभागावर नाही, तर पन्नासेक मीटर खोलीपर्यंत. वादळाचा वारा समुद्र घुसळतो. खालचं पाणी गार असेल तर ते वर येतं आणि वादळ स्वतःच्याच पायाखालची आग विझवतं. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर तरंगतं, त्याच्या हलक्या थरामुळे घुसळण खाली पोचत नाही. अरबी समुद्र खारट, तिथे असं झाकण नाही. त्यात पावसाळ्यात सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला खालचं थंड पाणी वर येतं, अरबस्तानातून कोरडी हवा घुसते, आणि नैऋत्य मोसमी वारे चालू झाले की खालचा वारा नैऋत्येकडून आणि वरचा पूर्वेकडून असा प्रकार होतो. यालाच विंड शिअर म्हणतात. उभं राहू पाहणारं वादळ त्यात मधोमध चिरलं जातं. म्हणून वादळांना दोनच खिडक्या मिळतात, मे ते जूनचा पहिला पंधरवडा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर.

आता या खिडकीत काय बदललं ते बघा. एप्रिल-मे महिन्यांत लक्षद्वीप आणि केरळच्या पश्चिमेला पाणी ३० अंशांच्या वर जातं. तौक्तेचा जन्म तिथलाच. १४ मे ला लक्षद्वीपजवळ कमी दाबाचा पट्टा डिप्रेशनच्या, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीच्या, पायरीला आला आणि १७ मे ला वारा ताशी १८० किमीच्या वर होता. २४ तासांत वारा ताशी ५५ किमीने वाढला तर त्याला झपाट्याने तीव्र होणं म्हणतात. हे घडायला इंधन लागतं, आणि ते इंधन म्हणजे पाण्यातली उष्णता. सगळा समुद्र अंशभराने वर उचललात की खिडकीही रुंद होते आणि खिडकीतल्या वादळाला गाठता येणारी कमाल पातळीही वर सरकते.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या २०२१ च्या सहाव्या अहवालात भाषा जपून वापरलेली आहे, ती इथे उपयोगी पडेल. जगभरच्या वादळांची एकूण संख्या वाढली असं ते म्हणत नाहीत, त्यावर विश्वास कमी. मात्र मोठ्या वादळांचं प्रमाण गेल्या चार दशकांत वाढलं असण्याची शक्यता जास्त, असं म्हणतात. वादळांतल्या पावसाबद्दल तर ते याहूनही ठाम आहेत. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, यात मोजणीच्या चष्म्याचा प्रश्नच येत नाही.

धुरळा

समदाब, तीसअंश, दोघेही कार्बन डायऑक्साइड गृहीत धरून चालला आहात. धुराचं काय?

२०११ मध्ये अमाटो इव्हान आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मांडलं होतं की दक्षिण आशियावरच्या काजळीच्या आणि इतर कणांच्या ढगामुळे उत्तरेकडच्या समुद्रावर ऊन कमी पडतं, उत्तर-दक्षिण तापमानाचा उतार सौम्य होतो, मोसमी वाऱ्यांचा जोर घटतो आणि मान्सूनपूर्व काळातलं विंड शिअर कमी होतं. शिअर कमी म्हणजे वादळाला मोकळं रान. पुढच्याच वर्षी त्यावर त्याच नियतकालिकात आक्षेप आला की ही तीव्र वादळं आता मोसमाच्या अलीकडे, शिअर मुळातच कमी असताना तयार होत आहेत, त्यामुळे कारण वेळापत्रकात आहे, धुरात नाही. मूळ लेखकांनी त्यालाही उत्तर दिलं. वाद मिटलेला नाही.

हे सांगायचं कारण असं की "माणसामुळे" आणि "तापमानवाढीमुळे" हे दोन्ही एकच धरले जातात. धुरळ्याचा परिणाम खरा असेल तर हवा स्वच्छ केली की तो काही वर्षांत ओसरेल, कार्बनचा ओसरणार नाही. त्याच वेळी, काजळी गेली की समुद्रावर ऊन जास्त पडेल आणि पाणी आणखी तापेल. उत्तर कुठल्या बाजूला झुकेल हे त्या दोन्हींच्या बेरजेवर आहे.

फरकपट्टी

धुरळा, हाच तर माझा मुद्दा. एका समुद्रातल्या मूठभर वादळांमागे तापमानवाढ, धुरळा, द्विध्रुव, एल निन्यो, मान्सूनचं वेळापत्रक अशी पाच कारणं उभी असताना एकाचं नाव घेऊन मोकळं होता येत नाही.

तीसअंश, तुमचं भौतिकशास्त्र मान्य. पण मग त्याच शास्त्राचा आकडाही मान्य करा. जगभरच्या अभ्यासांचा २०२० चा आढावा सांगतो की पृथ्वी २ अंशांनी तापली तर वादळाचा कमाल वारा सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास वाढेल. निसर्गच्या वेळी एकूण तापमानवाढ होती सव्वा अंशाच्या आत. म्हणजे ३ टक्के धरा. निसर्गचा वारा किनाऱ्यावर ताशी ११० ते १२० किमी होता. त्यातले हवामान बदलाच्या खात्यावर मांडायचे ३ ते ४ किमी. आपल्या हवामान खात्याच्या शिडीवर निसर्ग नुसतं 'तीव्र' होतं. त्याच्या वर 'अतितीव्र', मग ताशी १६७ पासून पुढची पायरी, आणि २२२ च्या पुढे महाचक्रीवादळ. म्हणजे शिडीच्या मधल्या पायरीवरच्या वादळाने श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली कित्येक आठवडे अंधारात ठेवली. त्याचा दोष त्या ३ किमीला द्यायचा?

कौलारू

त्या ३ किमीचा हिशोब छपरावर करून बघू, कारण शेवटी वादळ पत्र्याला भिडतं, आलेखाला नाही.

वाऱ्याचा दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. ताशी ११० किमी म्हणजे साडेतीस मीटर. दाब आला ५६० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ५७ किलो. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्र्याचं क्षेत्र सव्वातीन चौरस मीटर. त्यावर वरच्या दिशेने सुमारे १८५ किलोची ओढ. पत्र्याचं स्वतःचं वजन पंधराएक किलो. वळचणीला आणि कोपऱ्याला ओढ सरासरीच्या दीड-दोनपट असते, तिथे पावणेतीनशे किलोच्या वर धरा. आता झोत १३० चा आला की दाब ४० टक्क्यांनी वाढतो, कारण वेगाचा वर्ग.

फरकपट्टींचे ३ टक्के घेतले तर जोर ६ टक्क्यांनी वाढला. १८५ चे १९६ झाले. अकरा किलो. आता दुसरीकडे बघा. कोकणातल्या बहुतेक पत्र्याच्या छपरांवर 'जे' (J) आकाराचा बोल्ट पत्र्याच्या तीन-चार नळ्या (पन्हळी) सोडून एक मारलेला असतो. वायसर रुपयाच्या नाण्याएवढा, खालचा रबर उन्हाने कडक झालेला. पत्रा बोल्टातून फाटून निघतो, बोल्ट जागेवरच राहतो. सिमेंटच्या पत्र्याला तर भोकाभोवती आधीच तडा असतो. कडेच्या दोन रांगांत प्रत्येक दुसऱ्या नळीवर बोल्ट, खाली रुंद वायसर, आणि कडेच्या लोखंडी पट्ट्यांमधलं अंतर साडेचार फुटांवरून तीन फुटांवर आणलं तर दर बोल्टामागची ओढ निम्म्याहून खाली येते. निम्मं कुठे आणि ६ टक्के कुठे!

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बांधकामातला वाऱ्याचा भारतीय प्रमाण संकेत, आयएस ८७५ चा तिसरा भाग, २०१५ मध्ये सुधारला. त्यात चक्रीवादळी पट्ट्यासाठी जादा गुणक आला. शाळा, रुग्णालय, निवारा अशा इमारतींना १.३, कारखान्यांना १.१५. पण तो लागू आहे पूर्व किनाऱ्याला आणि गुजरातच्या किनाऱ्याला, समुद्रापासून ६० किमीपर्यंत. महाराष्ट्राचा किनारा त्यात नाही.

तीसअंश

कौलारू, हिशोब उत्तम, पण एका जागी तो फसवा आहे. पत्रा ओढीच्या प्रमाणात थोडा-थोडा उडत नाही. बोल्ट १९० किलोला सुटत असेल तर १८५ ला सगळी छपरं शाबूत आणि १९६ ला सगळी शेतात. एक पत्रा उघडला की वारा आत शिरतो, खालूनही ढकलायला लागतो, आणि शेजारचा पत्रा त्याहून कमी वेगात निघतो. म्हणून नुकसान वेगाच्या वर्गाने नाही, त्याच्या कितीतरी वरच्या घाताने वाढतं. उंबरठ्याजवळचे ६ टक्के हे ६ टक्के राहत नाहीत.

आणि सरासरी ३ टक्के हे जगभरच्या वाऱ्याचं अनुमान झालं. अरबी समुद्राच्या बाबतीत खरा प्रश्न वारा किती वाढला हा नाहीच. ज्या वर्षी वादळ झालंच नसतं किंवा डिप्रेशनच्या पायरीवरच विरलं असतं, त्या वर्षी ते किनाऱ्यापर्यंत पोचलं का, हा आहे. तिथे टक्केवारी काढायची तर संगणकात दोन जगं चालवावी लागतात, एक आजच्या समुद्राचं आणि एक औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या समुद्राचं, आणि दोन्हीत हजारो वेळा तोच मोसम खेळून बघावा लागतो. ह्यूस्टनवर २०१७ मध्ये बरसलेल्या हार्वे वादळावर असा अभ्यास झाला, त्यात पाऊस सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्याचं निघालं, तर दुसऱ्या एका अभ्यासात याच्या दुपटीहून जास्त. आपल्या समुद्राबाबत हिरोयुकी मुराकामी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हेच केलं. २०१४ च्या निलोफरपासून २०१५ च्या चपला आणि मेघपर्यंत, पावसाळ्यानंतरच्या अत्यंत तीव्र वादळांच्या वाढीत माणसाच्या कृत्याचा हात आहे असा त्यांचा निष्कर्ष. ते निव्वळ नाणं उडवणं नव्हतं.

फरकपट्टी

उंबरठ्याचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. ३ टक्के वारा म्हणजे ३ टक्के नुकसान असं मी यापुढे म्हणणार नाही.

मुराकामींच्या अभ्यासावर एवढंच : तो पावसाळ्यानंतरच्या वादळांचा आहे. निसर्ग, तौक्ते आणि बिपरजॉय तिन्ही पावसाळ्याच्या तोंडावरची. ऑक्टोबरचा पुरावा मे-जूनला लावता येत नाही, दोन खिडक्यांचं हवामान वेगळं. तुम्हीच वर सांगितलंत.

खाडीमुख

मध्येच एक स्पष्टीकरण, कारण अशा चर्चेत हमखास येतं. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिमी पाऊस चक्रीवादळाचा नव्हता. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिमीच्या आत पाऊस होता. इतक्या कमी अंतरात एवढा फरक चक्रीवादळात पडत नाही. त्याचा तपास वेगळ्या खणातला.

तसंच "१८८२ मध्ये मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसं मेली" हे वाक्य दोन्ही बाजू वापरतात. ते वापरू नका. तेव्हाच्या मुंबईत सरकारी नोंदी, वर्तमानपत्रं, बंदराची दप्तरं सगळं चालू होतं. लाखभर मृत्यूंचं वादळ त्यातून गायब होऊ शकत नाही. ते घडल्याचा पुरावाच नाही. जुनं उदाहरण हवंच असेल तर नोव्हेंबर १९४८ चं घ्या, ते खरंखुरं मुंबईवर आलं होतं. किंवा नोव्हेंबर २००९ चं फयान.

पोफळी

छपराबद्दल कौलारूंनी लिहिलंच आहे, वाडीबद्दल कोणीच बोललं नाही. निसर्गमध्ये रायगड-रत्नागिरीच्या वाड्यांचं जे झालं त्यात हवामान बदलाचं नाव पुढे करून काय झाकलं जातं, ते सांगते.

श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या वाड्यांत होते तिथे पोफळी नऊ-नऊ फुटांवर असतात. सरळसोट, हाताच्या कवेत मावेल असा बुंधा, चाळीस-पन्नास फूट उंच, मुळं उथळ. तिची ताकद शेजारणीत असते. दाट वाडीत झाडं एकमेकींच्या आडोशाने उभी राहतात. वाऱ्याने कडेची रांग झोपवली की दुसरी रांग उघडी पडते, मग तिसरी. म्हणून वाडी निम्मी पडत नाही, आडवीच होते. मधे एखादं नारळाचं झाड पडलं तर ते दहा-बारा पोफळी घेऊन पडतं. पुन्हा लावली की सुपारी धरायला पाच ते सात वर्षं, आणि लहान रोपाला ऊन सोसत नाही. आधी केळी लावून सावली करायची, मग पोफळ. खालची जायफळं आणि मिरीचे वेल सावली गेल्यावर करपतात ते वेगळंच.

आता मदत. निसर्गनंतर २०२० मध्ये फळबागेला हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर झाले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ऐकायला बरं. पण इथली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. दहा गुंठ्यांची निव्वळ पोफळीची वाडी धरली तर नऊ फुटांच्या अंतराने सुमारे १३५ झाडं. दहा गुंठ्यांचे होत होते साधारण पाच हजार. झाडामागे ३७ रुपये. पडलेलं झाड तोडून वाडीबाहेर ओढायची मजुरीसुद्धा त्यात निघत नव्हती. हा निकष देशावरच्या सलग बागा डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. झाडामागे भरपाईची मागणी त्यातूनच आली. हे कुठल्याही समुद्राच्या तापमानाने झालेलं नाही, ते मंत्रालयात दुरुस्त होण्यासारखं आहे.

समदाब

पोफळी, तुमचा राग रास्त आहे. पण निकष चुकीचा होता म्हणून वादळामागचं कारण बदलत नाही. उलट ही वादळं आता दर काही वर्षांनी येणार असं मानलं तरच निकष बदलायला जोर येईल. "शंभर वर्षांतून एकदा आलेली आपत्ती" म्हटलं की एकदाची मदत देऊन फाइल बंद होते. पाच-सात वर्षांनी फळ धरणाऱ्या वाडीला दहा वर्षांत दोन वादळं बसली तर सुपारीचं पीक गणितातूनच जातं.

बावटा

इशाऱ्याचा विषय सुटतोय. एकाच किनाऱ्यावरच्या दोन मोठ्या वादळांत माणसं मरण्याचा आकडा इतका वेगळा का येतो? ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ च्या फायलिनमध्ये पन्नासच्या आत. मधल्या चौदा वर्षांत समुद्र थंड झाला नव्हता. निवारे बांधले गेले, लाखो लोक आधी हलवले गेले, आणि वाट कुठून जाणार याचा अंदाज तीन-चार दिवस आधी मिळू लागला.

इकडे तौक्तेत उलटं झालं. वादळ येणार हे चार-पाच दिवस आधीपासून जाहीर होतं. तरीही मुंबई हायजवळ पी-३०५ हा बार्ज नांगर टाकून उभा राहिला, नांगर तुटले, आणि तो १७ मे ला बुडाला. वरप्रदा हा टग, म्हणजे ओढून नेणारी बोट, तोही गेला. दोन्ही मिळून ८६ माणसं गेली. नांगरलेला बार्ज म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेला तराफा, साखळी तुटली की तो लाटेच्या हवाली. अशा बार्जला टगने ओढून बंदरात आणायला दिवस-दीड दिवस लागतो, म्हणून निर्णय बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागेपर्यंत थांबवून चालत नाही, तो पहिल्या बुलेटिनलाच घ्यावा लागतो. या ८६ मृत्यूंत तापमानवाढीचा वाटा शोधणं मला अन्यायाचं वाटतं.

मात्र तीसअंशांच्या बाजूने एक गोष्ट आहे. वाटेचा अंदाज खूप सुधारला, जोराचा अंदाज त्या मानाने मागे आहे. वादळ रात्रीत दोन पायऱ्या चढलं तर संध्याकाळच्या बुलेटिनवर विसंबून समुद्रात राहिलेली होडी सकाळी वेगळ्याच वादळात असते. मिरकरवाडा किंवा हर्णैची होडी चाळीस-पन्नास मैल आत असेल तर परतायला सात-आठ तास. झपाट्याने तीव्र होणं वाढत असेल, आणि गरम पाण्यात ते वाढणारच, तर इशाऱ्याची मिळालेली आघाडी तेवढीच कमी होते.

खाडीमुख

पाण्याची पातळी राहिली. फरकपट्टी, इथे तुमचा नाण्याचा युक्तिवाद चालणार नाही. मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद आहे. जागतिक सरासरी पातळी १९०१ ते २०१८ मध्ये २० सेंटिमीटरने वर गेली. याला द्विध्रुव कारण नाही.

तुम्ही म्हणाल की मुंबईची उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, त्यात वीतभर पाण्याने काय होतं. खारभूमीचा बांध बघा, म्हणजे कळेल. रायगडात भातखाचरांच्या आणि खाडीच्या मधे मातीचा बांध असतो, त्यात उघाडी असते, ओहोटीला आतलं पाणी सोडायची आणि भरतीला झडप मिटायची. बांधाचा माथा उधाणाच्या रेषेहून थोडाच वर ठेवलेला असतो. ती जी थोडी मोकळी उंची, तीच वादळाच्या फुगवट्याला आणि लाटेला अडवते. पाणी वीतभर वर सरकलं की मोकळ्या उंचीतली वीत गेली. शिवाय ओहोटीची पातळीही वर येते, उघाडी कमी वेळ उघडी राहते, आतलं पावसाचं पाणी साचतं आणि बांध आतून भिजून मऊ होतो. वादळात तो बाहेरून नव्हे, आतून फुटतो. एकदा खारं पाणी शिरलं की मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात, तोवर भात नाही.

फरकपट्टी

हे मान्य, बिनशर्त. पातळीचा पुरावा दीडशे वर्षांच्या मोजमापाचा आहे आणि कारणही निर्विवाद. पावसाच्या ७ टक्क्यांनाही माझा विरोध नाही. तौक्तेत सांताक्रूझला दिवसभरात २३० मिमी पडला, त्यातले पंधराएक मिमी तापलेल्या समुद्राचे म्हणायला हरकत नाही.

अरबी समुद्रात वादळं संख्येने वाढली, हे मात्र अजून मला सिद्ध वाटत नाही. आयआयटीएमचीच मोजदाद १९९८ पासून, म्हणजे उपग्रह डोक्यावर आल्यानंतरच्या एकसारख्या चित्रांवर पुन्हा करावी, आणि धन द्विध्रुवाची वर्षं वेगळी काढून बघावी. तरीही वाढ उरली तर मी माझं म्हणणं मागे घेईन.

समदाब

१९९८ पासून घेतलं तर वर्षंच कमी उरतात, आणि मग तुम्हीच म्हणाल की संख्या लहान आहे. आकडेवारी पुरेशी जमेपर्यंत आणखी वीस वर्षं जातील. आयएस ८७५ मध्ये महाराष्ट्राचा किनारा घ्यायचा की नाही, हे तेवढं थांबणार आहे का?

फरकपट्टी

त्यासाठी थांबायची गरजच नाही. फयान, निसर्ग आणि तौक्ते बारा वर्षांत या किनाऱ्याला भिडली वा घासून गेली. कारण काहीही असो, गुणक लावायला तेवढं पुरे. या एका मागणीवर माझी सही धरा.

पोफळी

कौलारू, एक विचारायचं राहिलं. सगळं छप्पर उतरवून पुन्हा घालणं बहुतेकांना झेपणारं नाही. पावसाआधी दोन दिवसांत आणि चार-पाच हजारांत काय करता येईल?

कौलारू

मधल्या पत्र्यांना हात लावू नका. वळचणीची रांग, आढ्याची रांग आणि दोन्ही टोकांचे उभे पट्टे, एवढंच घ्या. तिथे प्रत्येक दुसऱ्या नळीच्या माथ्यावर नवीन बोल्ट, खोलगट भागात नको, गळेल. लोखंडी पट्टी असेल तर रबराचं वायसर असलेला स्वतः भोक पाडणारा स्क्रू चालतो, वासा लाकडी असेल तर 'जे' बोल्टच, कारण जुन्या सागात स्क्रू धरतो पण जुन्या आंब्या-फणसाच्या वाशात ढिला पडतो. वळचण भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त आली असेल तर जादा भाग कापून टाका, वारा तिथेच बोट घालतो. मग वासा भिंतीला धरून आहे का बघा. नुसता टेकवलेला असेल तर पत्रा कितीही घट्ट केला तरी वाशासकट जाईल. भिंतीत दोन फूट खाली आठ किंवा दहा मिलीमीटरची सळई गाडून ती वाशावरून वळवून घ्या, निदान कोपऱ्याच्या चार वाशांना. आणि पश्चिमेच्या खिडक्यांना आतून आडणा लावायची सोय करा. खिडकी फुटली की वरचं सगळं काम फुकट.